एकाच घाण्यातली चार पाती

पार्सल उघडलं तेव्हा मीच बनवून विकलेली शिकारीची सुरी धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून जुन्या सुती कापडात गुंडाळलेली होती. हे आधी सांगतो, कारण तक्रार घेऊन परत येणाऱ्या सुऱ्या सहसा अशा येत नाहीत. पात्यावर वाळलेलं रक्त असतं, चामडी म्यानात महिनाभर ठेवल्यामुळे गंज चढलेला असतो आणि सोबत चिडून लिहिलेला कागद असतो. या कागदावर दोनच वाक्यं होती. दुसरं जनावर सोलताना धारेचे तुकडे उडाले. चुकीचा वापर माझ्याकडून झाला असेल तर तसं सांगा, दुरुस्तीचे पैसे देईन.

भिंगाखाली धरली. पात्याच्या पोटाच्या गोलाईच्या जरा मागे धारेला तीन खांडं पडली होती, अर्धचंद्रासारखी. सगळ्यात मोठं जेमतेम दीड मिलिमीटर खोल. धार वाकली नव्हती, तुटली होती. धार वाकली तर पोलाद मऊ राहिलं असं समजायचं. तुटली तर दोनच शक्यता: पोलाद ठिसूळ, नाहीतर सुरी हाडाच्या सांध्यात घालून पिरगाळलेली. मी दोन मिनिटांत निकाल देऊन टाकला. पिरगाळली.

असा निकाल देण्याची सवय मला लोकांनीच लावली आहे. सुरीच्या पाठीवर दांडक्याने घाव घालून ओंडके फोडतानाचे व्हिडिओ बघून माणसं सुरी विकत घेतात आणि तिच्याकडून पहारीचं काम काढायला बघतात. शिकारीची सुरी कातडं सोलण्यासाठी, पोट उघडण्यासाठी, सांधे मोकळे करण्यासाठी असते. त्या कामाला चार इंचांहून मोठं पातं लागत नाही. माझं पातं साडेतीन इंचांचं, पाठीला तीन मिलिमीटर जाड आणि धार काढण्याआधी कडेला जेमतेम 0.4 मिलिमीटर. पाठीची रेघ टोकाकडे हळूच खाली उतरते. हा ड्रॉप पॉइंट अमेरिकन सुरी-कारागीर बॉब लव्हलेस यांनी लोकप्रिय केला आणि त्यात बदल करण्यासारखं मला आजवर काही सापडलेलं नाही. टोक खाली असल्यामुळे पोटाची कातडी उघडताना ते आतड्यात घुसत नाही. आतडं फुटलं की मांस वाया जातं. मुठीला बोटांसाठी खाचा मी कधीच पाडत नाही. एक जनावर पुरं होईपर्यंत सुरी हातात पाच-सहा प्रकारे फिरते, कधी उलटी, कधी चिमटीत, आणि खाचा त्यातली एकच पकड सोयीची करतात. पाठीवर करवतीचे दाते नाहीत, आकडा नाही, नक्षी नाही. पातं मुठीच्या शेवटापर्यंत अखंड, दोन बाजूंना लाकडाच्या फळ्या, तीन खिळे.

अशा सुरीत लपायला जागा नसते, असं मी गिऱ्हाइकाला नेहमी सांगत आलो आहे. अमेरिकन सुरी-कारागीर बिल मोरन यांनी 1973 साली दमास्कस, म्हणजे लहरींची नक्षी उमटणारं पोलाद, पुन्हा लोकांसमोर आणलं, तेव्हापासून लहरींच्या नक्षीचं आकर्षण वाढतच गेलं. ती विद्या खरी आहे. पण आज बाजारात येणाऱ्या नक्षीदार पात्यांपैकी बऱ्याच पात्यांना नीट पाणी दिलेलं नसतं, म्हणजे तापवून आणि बुडवून नीट कडक केलेलं नसतं, आणि नक्षीच्या भरात कोणी ते विचारतही नाही. साध्या सुरीत दोनच गोष्टी असतात, आकार आणि पाणी. आकार डोळ्यांना दिसतो. पाणी कोणालाच दिसत नाही, ते मला ठाऊक असायला हवं.

खांडं काढून नवी धार लावायची आणि सौम्य शब्दांत चिठ्ठी लिहायची, असं ठरवून घासायच्या फिरत्या बेल्टवर दोन मिलिमीटर पातं थंड ठेवत उतरवलं. दर खेपेला पाण्यात बुडवत होतो, कारण बेल्टवर धार निळी पडली की तिचा कडकपणा गेला. मग दगडावर घेतली. चौथ्या-पाचव्या फेऱ्यात हाताला काहीतरी खुपलं. नीट धार बसताना दगडावर एकसारखा सळसळ आवाज येतो. इथे मधूनच करकर होती. भिंग लावलं. नव्या धारेचे बारीक तुकडे दगडावरच पडत होते. इथे हाड नव्हतं, सांधा नव्हता, पिरगाळणारा हातही नव्हता. मी होतो आणि दगड होता.

सुरीच्या मालकांना फोन केला आणि पातं मोडून बघायची परवानगी मागितली. ते म्हणाले, “केलीत तुम्ही, तुम्हाला बघायचं तर मोडा.”

फळ्या काढल्या, पातं व्हाइसमध्ये आवळलं, वर जाड कापड टाकलं आणि नळी घालून ओढलं. फारसं वाकलंच नाही, काडकन तुटलं. नीट पाणी दिलेल्या पोलादाचा तुटलेला भाग राखाडी मखमलीसारखा दिसतो, त्यात कण वेगळे दिसत नाहीत. हा भाग उजेडात चमकत होता. माझ्या हाताखालचा मुलगा वाकून बघत होता. तो एवढंच म्हणाला, “दादा, साखर.”

हे पोलाद 1095 प्रतीचं, म्हणजे सुमारे 0.95 टक्के कार्बनचं. पाणी द्यायला ते 800 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवायचं, थोडा वेळ तिथे मुरू द्यायचं आणि चपळ तेलात बुडवायचं. पहिल्या सेकंदाच्या आत ते 540 अंशांच्या खाली आलं पाहिजे, नाहीतर हवा तो कडकपणा येत नाही. मग 200 अंशांवर दोन-दोन तास दोनदा टेंपर, म्हणजे ठिसूळपणा उतरवायला पुन्हा तापवणं. 800 च्या पुढे फार गेलं की आतले कण एकमेकांना गिळून मोठे होतात. घडाईनंतर तीनदा तापवून गार करून कण बारीक करायला केलेली मेहनत त्या काही मिनिटांत संपते. आणि वरून काहीच कळत नाही. कानस तशीच घसरते. कडकपणा मोजायचं यंत्र 60 रॉकवेलच दाखवतं. हा आकडा विचारणारी गिऱ्हाइकं खूप आहेत. तो आकडा कणांबद्दल काहीही सांगत नाही, हे त्यांना पटवता पटवता मी थकलो आहे.

नोंदवही काढली. दोन वर्षांपूर्वीचा घाणा, एका वेळी भट्टीत चार पाती. माझं हे पातं चार नंबरचं, सगळ्यात आत ठेवलेलं. खाली तीन आठवड्यांनंतरची माझ्याच अक्षरातली नोंद होती: थर्मोकपल (भट्टीचं तापमान मोजणारा) बदलला, जुना कमी दाखवत होता.

म्हणजे मला माहीत होतं. जुने थर्मोकपल खरं तापमान कमी दाखवू लागतात, ही या धंद्यातली रोजची गोष्ट. तो बदलताना आधीच्या तीन आठवड्यांत काय तापवलं होतं, हे मागे वळून बघायचं मला सुचलं नाही. पडद्यावर 800 दिसत होते तेव्हा भट्टीच्या मागच्या बाजूला 880 च्या पुढे गेलं असावं. तो फरक डोळ्यांना दिसतो. लाल रंग नारिंगीकडे झुकतो. माझे उस्ताद आकड्यांशिवाय काम करत. पातं तापवताना लोहचुंबक लावून बघायचे. साधारण 770 अंशांना चुंबक सुटतो, तिथून डोळ्यांनी थोडं पुढे जायचं आणि बुडवायचं. मला त्यांनी दोन्ही शिकवलं होतं आणि मी आकड्याकडे बघत उभा होतो.

प्रत्येक घाण्यातलं एक पातं मी पितळी सळईवर तपासत असे. धार सळईवर दाबून बघायची. वाकून परत सरळ झाली तर बरोबर. त्या घाण्यातलं तपासलेलं पातं एक नंबरचं होतं, भट्टीच्या दाराजवळचं, जिथे ताप कमी असतो. ते उत्तम निघालं म्हणून मी ते स्वतःसाठी ठेवलं आणि दोन वर्षं रोज वापरलं. त्या सुरीवरच्या विश्वासावर बाकीच्या तीन पात्यांबद्दल मी निर्धास्त होतो. त्याच संध्याकाळी माझी ती सुरीही मोडून पाहिली. मखमल.

दोन नंबरच्या मालकांना सगळं सांगितलं. त्यांची काहीच तक्रार नव्हती, तरी त्यांनी सुरी पाठवली. मोडली. आत मखमल नव्हती, साखरही नव्हती, बारीक रवा होता. जपून वापरली असती तर ती आणखी वीस वर्षं चालली असती, असं मला वाटतं. आणि ती मी मोडली. अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी या सुऱ्या घडवणाऱ्यांच्या संस्थेच्या परीक्षेत लोंबता दोर कापून, लाकूड तोडून, हातावरचे केस काढून झाले की शेवटी तेच पातं व्हाइसमध्ये नव्वद अंशांत वाकवतात. तिथे सुरी खर्ची टाकण्यासाठीच केलेली असते. लोकांच्या कमरेला असलेल्या सुऱ्यांना हा नियम कसा लावायचा?

तीन नंबरच्या मालकांनी नकार दिला. भट्टीत त्यांचं पातं रवा आणि साखर यांच्या मधोमध होतं. मी नवीन सुरी देतो म्हणालो, ठिसूळ धारेचा तुकडा मांसात राहू शकतो हेही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “दोन हंगाम झाले, हिने मला दगा दिलेला नाही. हाताला बसली आहे. मोडून बघायला मी देणार नाही.”

मी आग्रह धरायला हवा होता, असं काही दिवस वाटतं. काही दिवस वाटतं, दोन वर्षं रोज हातात धरणाऱ्याला त्या सुरीबद्दल माझ्याहून जास्त कळत असेल. चार नंबरच्या मालकांना नवी सुरी पाठवली, तशीच साधी. या नव्या घाण्यातली चारही पाती सळईवर तपासली, प्रत्येक वेळी चुंबक लावला आणि एक जास्तीचं पातं फक्त मोडण्यासाठी सगळ्यात आत ठेवलं.

हंगाम सुरू झाला की मी तीन नंबरच्या मालकांना फोन करतो. धारेला खांडं पडली का, एवढंच विचारतो. अजून तरी ते नाही म्हणतात. वहीत त्या पात्यासमोर काय लिहावं, ते मला ठरवता आलेलं नाही.