न पडलेल्या दरडीचा पुरावा

पुरस्काराच्या अर्जातला पहिलाच प्रश्न होता, ‘या कामातून काय साध्य झाले?’ खरं उत्तर एका ओळीचं होतं: दोन पावसाळे गेले, दरड आली नाही. पूल बांधला की त्याचा फोटो काढता येतो. उतार जागेवर राहिला, तर फोटोत नुसता उतारच दिसतो. भू-तांत्रिक, म्हणजे माती-खडकाच्या तपासणीचं आणि आधाराचं, काम पुरस्कारासाठी पाठवायचं म्हटलं की पहिली पंचाईत इथे होते. यंदा ती फाइल आम्ही तयार केली, त्यातलं इतरांच्या उपयोगी पडेल तेवढं इथे लिहितो.

काम रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका सड्याच्या (जांभ्या दगडाच्या पठाराच्या) कडेचं. खाली रस्ता, वर आंब्या-काजूची कलमं, मधे डोंगर कापून केलेला सुमारे 18 मीटरचा उतार. खाडीतल्या जेटीच्या पाइल्सचं (जमिनीत खोल नेलेल्या खांबांचं) कामही हाताशी होतं आणि दिसायला तेच भारी होतं. पण तिथे पाइल लोड टेस्टच्या निकालापलीकडे मांडण्यासारखं फारसं नव्हतं. उताराच्या कामात तपासणीतल्या एका नोंदीने अख्खं डिझाइन फिरवलं होतं. म्हणून तेच निवडलं.

सगळ्यात आधी ज्यांचं काम आहे त्यांचं ना-हरकत पत्र मागा. अहवाल आणि मोजमापं त्यांच्या मालकीची असतात. हे पत्र यायला पाच आठवडे लागले आणि बाकीची फाइल तेवढ्यात दोनदा लिहून झाली. आता हे कलम आम्ही करारातच घालतो.

मग मूळ वह्या. टाइप केलेल्या बोअर लॉगवर (कुठल्या खोलीला काय लागलं त्याच्या तक्त्यावर) भागत नाही, कारण त्यात एसपीटीचा (नळी ठोकून जमिनीचा घट्टपणा मोजणाऱ्या चाचणीचा) एकच ‘एन’ आकडा उरलेला असतो. भारतीय मानक आयएस 2131 प्रमाणे 63.5 किलोचा हातोडा 75 सेंटीमीटरवरून सोडतात आणि दर 15 सेंटीमीटरला किती ठोके लागले ते तीनदा लिहितात. पहिले 15 सेंटीमीटर सोडून पुढच्या दोहोंची बेरीज म्हणजे एन. परीक्षकाला ते तिन्ही आकडे पाहायचे असतात. 4, 7, 9 म्हणजे एन 16. आणि 2, 3, 13 चाही एन 16च, पण दुसऱ्यात नळी मधेच कशावर तरी आदळलेली असते. वहीत दोराची नोंद असेल तर उत्तम. कॅटहेडवर, म्हणजे हातोडा उचलणाऱ्या फिरत्या पिंपावर, दोराचे दोन वेढे हवेत. तिसरा पडला, किंवा पावसात दोर भिजून चिकटला, की हातोडा मोकळा पडत नाही, ठोके जास्त लागतात आणि जमीन आहे त्यापेक्षा घट्ट दिसते. कोकणात जूननंतर मारलेल्या बोअरचे आकडे मी तरी आधी या संशयानेच वाचतो.

आमच्या कामाचा कणा तिसऱ्या बोअरमध्ये होता. वरचा जांभा लागला, 50 ठोक्यांत नळी 8 सेंटीमीटरही उतरेना, म्हणजे रिफ्युझल. पुष्कळ ठिकाणी बोअर इथेच थांबतं. पैसे मीटरमागे, आणि कडक लागलं की काम संपलं, असा सगळ्यांचाच हिशेब. पण जांभ्याचं कवच म्हणजे तळ नव्हे. त्याच्या खाली बहुतेक जागी लिथोमार्जची पांढुरकी-पिवळट चिकणमाती असते, तिच्याखाली कुजलेला बेसॉल्ट आणि मग काळा कातळ. जांभा सच्छिद्र, पाणी त्यातून सरळ उतरतं आणि चिकणमातीवर अडतं. सड्यांच्या पायथ्याला झरे फुटतात ते याच सांध्यावर. माती भिजून मऊ पडते, झिजते, आणि वरचा जांभा अधांतरी राहून चिऱ्यांच्या ढिगासारखा कोसळतो.

रिगवर असलेल्या ड्रिलरने वहीत एक ओळ लिहून ठेवली होती: ‘7.2 मीटर. परतीचं पाणी तांबडं होतं, दुधट झालं. रॉड आपोआप उतरतो.’ त्याने तिथेच सिंगल ट्यूब बॅरल (नमुना कापून आणणारी एकेरी नळी) काढून डबल ट्यूब लावलं. सिंगल ट्यूबमध्ये फिरतं पाणी मऊ माती धुऊन नेतं आणि लॉगमध्ये ‘कोअर (नमुन्याचा दंडगोल) मिळाला नाही’ एवढंच उरतं. डबल ट्यूबमध्ये आतली नळी फिरत नाही, पाणी बाहेरच्या फटीतून जातं, माती जागेवर राहते. पुढच्या एसपीटीला एन आला 9. जांभ्यावर भरवसा ठेवून जी नुसती पायथ्याची भिंत ठरली होती, ती त्या दिवशी रद्द झाली.

ही ओळ आम्ही फाइलच्या पहिल्या पानावर वहीच्या फोटोसकट लावली. डागाळलेला, शाई फुटलेला कागद. टाइप केलेल्या चाळीस पानांपेक्षा परीक्षकांनी त्यावरच जास्त विचारलं.

प्रयोगशाळेच्या तक्त्यात आमची एक चूक निघाली. जांभ्याखालच्या मातीचा लिक्विड लिमिट (किती पाण्याला माती वाहू लागते तो आकडा) ओव्हनमध्ये 105 ते 110 अंशांना वाळवलेल्या नमुन्यावर काढला होता. अशा मातीतले लोहाचे ऑक्साइड वाळताना बारीक कणांना चिकटवून गुठळ्या करतात, त्या पाण्यात पुन्हा नीट सुटत नाहीत, आणि माती आहे त्यापेक्षा कमी चिकण दिसते. बंद नळीतल्या नैसर्गिक ओलीच्या नमुन्यावर चाचणी पुन्हा केली. दोन्ही आकडे शेजारी ठेवले, पहिला खोडला नाही.

डिझाइनबद्दल थोडक्यात: माथ्यावर पाणी अडवून वळवणारा चर (कॅच ड्रेन), सांध्याच्या पातळीला आडवे छिद्रांचे पाइप, वरच्या भागात नेलिंग, म्हणजे उतारात सळया रोवणं. पाइप तोंडाकडे थोडे उतरते हवेत. जांभ्यातल्या पाण्याबरोबर लोहाचा तांबडा गाळ येतो आणि छिद्रं बुजतात, म्हणून आगोटीपूर्वी एकदा पाणी मारून ती साफ करावी (फ्लशिंग) लागतात. खर्चाच्या तक्त्यात हा दरवर्षीचा आकडा धरा. तो वगळून ‘बचत’ दाखवणं खोटेपणाच.

निरीक्षणाचा आलेख हा अर्जाचा दुसरा खांब. अमेरिकी भू-तांत्रिक अभियंते राल्फ पेक यांनी 1969च्या रँकिन व्याख्यानात (ब्रिटनमधलं या विषयाचं मानाचं व्याख्यान) निरीक्षणावर आधारलेल्या पद्धतीचे फायदे आणि मर्यादा मांडल्या. त्यांतली एक मर्यादा आमच्याकडे हमखास विसरली जाते: वाईट आकडा आला तर काय करायचं, हे आधी ठरलेलं असावं लागतं. या कामावर तीन स्टँडपाइप पिझोमीटर (जमिनीतल्या पाण्याची पातळी मोजायच्या नळ्या) होते आणि एक पर्जन्यमापक. पाण्याची पातळी एका ठरावीक खुणेवर गेली की रस्ता एकेरी करायचा, तिच्या वर गेली तर बंद. पातळी आणि पाऊस एकाच आलेखावर काढले. जुलैत चार दिवसांची मोजणी नाही, कारण तिथपर्यंत जायची वाटच पाण्याखाली होती. ती जागा आम्ही कोरी ठेवली, ठिपके जोडले नाहीत. मोजणी नेमकी त्याच दिवशी बुडते ज्या दिवशी तिची गरज असते; 22 जुलै 2021 ला चिपळूण पाण्याखाली गेलं आणि महाडजवळच्या तळियेवर दरड कोसळली, तो आठवडा आठवून पाहा. पुढच्या वर्षी एका पिझोमीटरमध्ये आपोआप नोंद करणारा लॉगर सोडला.

मजकुराच्या पहिल्या मसुद्यात ‘अत्याधुनिक’ सहा वेळा होतं. सगळे काढले. दोन पानांत काय सापडलं, त्याने कोणता निर्णय बदलला, तो बरोबर होता हे कशावरून, एवढंच ठेवलं.

शेवटचा अडसर नावांचा. फॉर्ममध्ये रकाने तीन: डिझाइनर, मालक, कंत्राटदार. ड्रिलरला जागाच नाही. भारतात या विषयाची संघटना, इंडियन जिओटेक्निकल सोसायटी, 1948 पासून आहे. व्याख्यानं, शोधनिबंधांची बक्षिसं, दरवर्षीची परिषद, हे सगळं आहे आणि ते हवंच. पण निबंधातला प्रत्येक एन कुणीतरी चिखलात उभं राहून मोजलेला असतो, आणि तो चुकला तर पुढचं गणित कितीही सुबक असो, व्यर्थ. आम्ही आयोजकांना लिहून विचारलं. जोडपत्र चालेल म्हणाले. त्यावर रिगवरच्या चौघांची नावं आणि प्रत्येकाने नेमकं काय केलं ते लिहिलं.

प्रशस्तिपत्र मिळालं. बरोबर आलेल्या रकमेतून डबल ट्यूब बॅरलचे दोन संच घेतले, आणि आमच्या पुढच्या निविदांत एसपीटीचे पैसे मीटरच्या दरातून वेगळे काढून प्रत्येक चाचणीमागे ठेवले. थांबून मोजायला पैसे मिळाले तर माणूस थांबतो.

कोअर बॉक्स अजून पडवीत ताडपत्रीखाली आहेत. पाहणीसाठी परीक्षक येणार म्हणून उघडले, तर कागदी लेबलं वाळवीने खाल्लेली. खोली ठरवायला जुने फोटो एकेका तुकड्याशी जुळवत दोन दिवस गेले. आता खोलीचे आकडे ॲल्युमिनियमच्या पट्टीवर ठोकून खिळ्याने बसवतो.