मोठ्या शेगडीचा बर्नर: माझा अनुभव

महिनाभर भाताच्या पातेल्याचं बूड काळं होत होतं. आज राखेनं लख्ख घासावं, तर उद्या पुन्हा काजळी. नागपूरचा मे महिना, स्वयंपाकघराच्या दारातच कूलर. त्याच्या वाऱ्यानं ज्योत हलत असेल, असं मी धरून चालले. एका दुपारी कूलर बंद करून, घामानं निथळत पाहिलं. ज्योत स्थिर होती, पण पिवळीच.

"गॅसले हवा पुरत नसंल," सासूबाई म्हणाल्या. "टोपी काढून पाहा बरं."

बर्नरची पितळी टोपी काढली. शेजारशेजारची छिद्रं झिजून एकमेकांत मिसळली होती. परत ठेवली तर टोपी डुगडुगली, आणि पेटवल्यावर खालच्या फटीतून ज्योत निघाली. उतू गेलेल्या वरणभाताचं खारट पाणी इतकी वर्षं त्या पितळेनं सोसलं होतं.

शेजारच्या एका दादांनी सुचवलं, "जेटचं छिद्र थोडं मोठं करा, आच वाढेल." हे मी अजिबात केलं नाही, कुणी करूही नये. जेट म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणारं बारीक तोंड; किती गॅस यायचा ते त्याचं छिद्र ठरवतं. गॅस वाढला आणि हवा तेवढीच राहिली, तर ज्योत आणखी पिवळी होते, काजळी वाढते, आणि बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा धोका वेगळाच.

पहिली टोपी मी जवळच्या दुकानातून नजरेच्या अंदाजानं आणली. बसली, पण कडेला फट राहिली. दुसऱ्या दिवशी जुनी टोपी आणि खालची मिक्सिंग ट्यूब (गॅस आणि हवा मिसळते ती नळी) पिशवीत घालून इतवारीच्या बाजारात गेले. ट्यूब काढायला आदल्या रात्रीच शेगडी उलटी करून गंजलेल्या स्क्रूवर मशीनचं तेल सोडलं होतं. सकाळी तो निमूट फिरला.

दुकानदारानं ट्यूब उजेडात धरली. "ताई, टोपी नवी लावून काय कराल? नळीच खाल्ली गेली ना." खरंच, टोपी बसते तिथल्या कडेला बारीक चीर होती. मग त्यानं माझ्या दोन्ही हातांवर एकेक टोपी ठेवली. एक नुसती चकचकीत, दुसरी चांगली वजनदार पितळेची. मी जड घेतली, तिच्या मापाची ट्यूबही. टोपी ट्यूबवर ठेवून, गोल फिरवून पाहिली आणि मगच पैसे दिले.

घरी रेग्युलेटर बंद केला, रबरी नळीत उरलेला गॅस जाळून टाकला. ट्यूबचं तोंड जेटसमोर सरळ आणलं, हवेची वाट मोकळी ठेवली, स्क्रू आवळला. रबरी नळीवरची तारीख पाहिली तर 5 वर्षं उलटून गेलेली, म्हणून ती एजन्सीकडून बदलून घेतली. शेवटी रेग्युलेटर सुरू करून प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावला. तपासायला काडी पेटवायची नसते. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर ओट्याखाली जमिनीलगत साचतो. कुठेही बुडबुडा आला नाही. (गळतीचा संशय आला तर फोन करायचा 1906 हा एलपीजीचा आपत्कालीन नंबर आधीच फ्रिजवर लिहून ठेवा.)

पेटवली. निळी, आखूड, सगळीकडून सारखी ज्योत. त्या दिवशी वडाभात केला.

जेवणं आटोपल्यावर सासूबाईंनी पातेलं उलटं केलं, बुडावरून बोट फिरवलं आणि ते स्वच्छ बोट मला दाखवलं. मग म्हणाल्या, "आता लहान शेगडीची टोपी काढ."