ओल्या कुंडीत सुकलेली झाडं

ऐरोलीतल्या एका आयटी ऑफिसमधून फोन आला. लॉबीतल्या पीस लिली माना टाकतायत, झाडं बदलून द्या. कुंड्या पुरवणं आणि सांभाळणं हाच आमचा धंदा, पण न बघता झाडं बदलायला मी तयार नव्हते.

पश्चिमेच्या काचेलगत दोन रांगा. पुढची पार लोळलेली, मागची टवटवीत. ऊन तेच, एसीही तोच.

"पाणी भरपूर घालतोय हो ताई," माळीकाका म्हणाले. "मान टाकली की लगेच."

"आणि मागच्या रांगेला?"

"तिकडे झारी पोचत नाही. माती सुकली की पाइप ओढून आणतो."

एसीत झाडांना बरं वाटतं, हा लोकांचा गोड गैरसमज. बाहेर 28 अंश आणि आर्द्रता 80 टक्के होती. आत 24 अंश, पण आर्द्रता जेमतेम 40. हवा पानातलं पाणी किती जोराने ओढते याचा हिशेब केला, तर बाहेर साधारण 0.8 किलोपास्कल आणि आत 1.8. दुपटीपेक्षा जास्त!

रिसेप्शनवरच्या मुलीकडून बिनरंगी नेलपॉलिश मागून घेतलं. पानाच्या पाठीला लावलं, वाळल्यावर चिकटपट्टीने उचललं आणि तो ठसा हातातल्या मायक्रोस्कोपखाली काकांना दाखवला. घेवड्याच्या दाण्यांच्या जोड्या दिसाव्यात तशा रक्षक पेशी. सकाळी उजेड पडला की त्यांच्यात पोटॅशियम शिरतं, मागोमाग पाणी. पेशी फुगतात आणि मधलं रंध्र, म्हणजे पानाचं बारीकसं छिद्र, उघडतं. हवा कोरडी झाली किंवा मुळांकडून पाणी पुरेना झालं, की ॲबसिसिक ॲसिड हे झाडातलं संप्रेरक वाढतं, पोटॅशियम बाहेर पडतं, रंध्र मिटतं.

उघडं किती, मिटलेलं किती, हे मात्र अशा ठशावर सांगू नये. त्यासाठी इन्फ्रारेड थर्मामीटर बरा. रंध्रं मिटली की बाष्पाबरोबर जाणारी उष्णता पानातच राहते. एकाच उन्हात मागच्या रांगेचं पान 30 अंश, पुढचं 33.

पुढची एक कुंडी उपडी केली. आंबूस वास. मूळ चिमटीत धरून ओढलं, तर तपकिरी साल बोटांना चिकटून आली आणि आत नुसती बारीक तार राहिली. दुपारच्या कोरड्या हवेत लिली जरा मलूल व्हायची, रात्री आपोआप सावरलीही असती. पण काकांची झारी हजर! चिखलात मुळांना ऑक्सिजन मिळेना, ती कुजली, आणि मग ओल्या मातीतही पानं तहानलेली.

काकांना म्हटलं, बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी. ॲडमिनच्या साहेबांना एसीचा झोत वळवायला सांगितला आणि पुढच्या रांगेत स्नेक प्लांट सुचवले. ते रंध्रं मुख्यतः रात्री उघडतात, दुपारची कोरडी हवा त्यांना फारशी बाधत नाही.

"पण मॅडम, त्यांना फुलं कुठे येतात?" साहेब म्हणाले. "सोमवारी क्लायंट येतोय."

शेवटी चार लिली ठेवल्याच, पण मागच्या रांगेत, झारीच्या टप्प्याबाहेर.