मिशन की फिरणं? तुम्ही विचारलंत म्हणून

उपासना सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर, शाहूपुरीत भाजी घेताना, दुकानात औषध देताना सुद्धा लोक विचारतात, ताई इथिओपियाला तुम्ही मिशनला गेला होता की फिरायला? विचारायचं हसत, पण खडा मारलेला असतोच. तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, दोन्हीला. आणि पैशाचंही सांगून टाकते म्हणजे तो विषय संपला. आमच्या चर्चच्या मंडळीनं टीमला दिलेलं दान औषधांना आणि मेडिकल कॅम्पला लागलं. लालिबेला म्हणजे दगडात खोदलेल्या चर्चेसचं गाव, तिथं फिरायला गेलो तो खर्च ज्याचा त्यानं केला, तिथं 2019 ला परदेशी माणसाला नुसतं आत जायला 50 डॉलर होते, म्हणजे आपले साडेतीन हजार, आमच्यातले एक काका त्या तिकिटावरनं दिवसभर कुरकुरत होते.

कॅम्प अदिस अबाबाच्या उत्तरेला, देब्रे बिरहानच्या बाजूला. मी फार्मासिस्ट, त्यामुळे माझं काम गोळ्या पाकिटात भरायच्या आणि कधी घ्यायच्या ते सांगायचं, सोपं वाटतं ना? तिथलं घड्याळ सकाळी सहापासनं मोजतात. आपले सात वाजले की त्यांचा एक, आपले आठ म्हणजे त्यांचे दोन, मी सांगणार आठ वाजता घ्या आणि बाई गोळी घेणार दुपारी दोनला. मग पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढायला लागले. त्यात तिथल्या ऑर्थोडॉक्स, म्हणजे जुन्या चर्चच्या लोकांचा लेंट, ईस्टरआधीचा उपवास, चालू, आपल्या चाळीस दिवसांसारखा नाही, 55 दिवसांचा. वर्षभराचे बुधवार-शुक्रवार आणि बाकीचे मोठे उपवास धरले तर साधी ऑर्थोडॉक्स माणसं 180 च्या आसपास दिवस उपवास करतात, मांस, दूध, अंडी काही नाही, आणि बरेचजण दुपारपर्यंत पाणीसुद्धा पीत नाहीत, आणि मी सगळ्यांना सांगतेय नाश्त्यानंतर एक गोळी. कसला नाश्ता? एका आजींनी विचारलं त्सेबेलबरोबर गोळी घेतली तर चालेल का, त्सेबेल म्हणजे चर्चचं पवित्र पाणी. म्हटलं घ्या की आजी, गोळी तेवढी चुकवू नका. (जेवणाचं मात्र बरं होतं, उपवासाचा शिरो म्हणजे आपलं पिठलंच, फक्त भाकरीऐवजी आंबट इंजेराबरोबर.)

कॅम्प संपल्यावर लालिबेला. ज्या मंडळीकडं आम्ही उतरलो होतो ती इव्हँजेलिकल, म्हणजे प्रोटेस्टंट, ऑर्थोडॉक्स लोक अशांना 'पेंटे' म्हणतात, आणि ह्या पेंटे लोकांना आमचं तिकडं जाणं फारसं आवडलं नव्हतं. एकजण म्हणाले, तिकडं बघण्यासारखं काय आहे, दगड आहेत. दगड आहेतच. एकाच खडकातनं खोदून काढलेली अकरा चर्चेस, परंपरा सांगते राजा लालिबेलानं खोदवून घेतली, साधारण बाराव्या-तेराव्या शतकातली. बेत गियोर्गिसचं छप्पर आपण उभे असतो त्या जमिनीच्या पातळीवर, क्रूसाच्या आकाराचं, आणि अख्खं चर्च खाली खड्ड्यात. आमच्यातले सगळे एकदम म्हणाले, अरे हे तर वेरूळ! कैलास लेणं असंच वरनं खाली खोदलंय, ते आठव्या शतकातलं.

पण मला हलवलं ते माणसांनी. दारात चपला काढायच्या. अंगावर पांढरी सुती शाल, उंबऱ्याला कपाळ टेकायचं, भिंतीची पापी घ्यायची, आत मोठा ढोल वाजतोय. आता मी कोल्हापूरची, हे सगळं मी जन्मापासनं बघितलंय, फक्त ते अंबाबाईच्या देवळात, जोतिबाच्या डोंगरावर, आणि घरी कायम ऐकलेलं की हे आपलं नव्हे. शाळेत मैत्रिणी म्हणायच्या तुमचा धर्म इंग्रजांचा, मी भांडायचे, पण खरं सांगू का, माझ्याही डोक्यात येशूबरोबर बाकं, झगा घातलेले पाळकसाहेब आणि पेटी हेच चित्र यायचं. रॉयल वायल्डर अमेरिकेतले मिशनरी, 1852 ला कोल्हापुरात आले, आमच्या घराला अक्षरओळख मिशनच्या शाळेमुळं झाली, ते उपकार मी नाकारत नाही. पण अक्सूमचा, म्हणजे इथिओपियातल्या जुन्या राज्याचा राजा एझाना ख्रिस्ती झाला चौथ्या शतकात, तिथल्याच दरबारात वाढलेल्या फ्रुमेंटियसमुळं, जो जहाज लुटलं गेल्यावर मुलगा असताना तिथं अडकून पडला होता. पोपनं ऑगस्टिनला ख्रिस्ती धर्म सांगायला इंग्लंडला पाठवलं त्याची मंडळी तिथं पोचली 597 ला! हे सगळं पुस्तकात वाचता येतं हो, पण चपला हातात घेऊन त्या गार दगडावर उभं राहिल्यावर ते पायातनं वर येतं. मी नवस बोलायला लागलेय असं नाही, काळजी नको, पण उंबऱ्याला हात लावला मी तिथं, आणि काही बिघडलं नाही.

सगळंच गोड नव्हतं. अकरातल्या बेत गोलगोथा चर्चमध्ये बायकांना प्रवेश नाही. आमचे पुरुष आत गेले, आम्ही बाहेर कट्ट्यावर. 2016 ला अंबाबाईच्या गाभाऱ्यात बायकांना जाऊ देण्यावरनं कोल्हापुरात केवढा गोंधळ झाला होता तेव्हा मी ऐटीत म्हणायचे, आमच्यात असलं काही नाही. आहे की. राग आला, अजूनही येतो, आणि विश्वास दृढ झाला असं चर्चमध्ये साक्षीत सांगताना हे मी गाळत नाही, भले समोरच्या बाकावरच्या काकूंना आवडो न आवडो.

2021 ला युद्धात लालिबेला बंडखोरांच्या ताब्यात गेलं अशी बातमी आली. त्या रविवारी मध्यस्थीच्या प्रार्थनेत इथिओपियाचं नाव मी घातलं. एरवी आम्ही देशांची नावं घेतो तशी ती घेता येईना, चपला राखणारा पोरगा, शाल नीट करून देणारी बाई, एकेकजण डोळ्यासमोर येत होतं. कॅम्पमधल्या पेशंटचे चेहरे मला आठवत नाहीत, मी पाकिटांकडं बघत होते ना.

आता पुढच्या टीमचं बोलणं चाललंय, दुसऱ्या देशात. मी कमिटीला सांगितलंय, फिरणं शेवटी नको, आधी ठेवा. लोक कधी जेवतात, कुठं डोकं टेकतात, घड्याळ कसं लावतात ते बघा आणि मग कॅम्प लावा, पैसे ज्याचे त्याचे. दोघातिघांना पटलंय. पाळकसाहेब म्हणतात, आधी फिरलात तर लोक काय म्हणतील. ते तर आताही म्हणतातच.