पानशेतच्या पाण्यावर निळं शीड

एप्रिलचा शेवटचा शनिवार. पहाटे साडेपाचला कोथरूडमधून निघालो तेव्हा दूधवाले आणि पेपरवाले गाडीमागच्या ट्रेलरकडे वळून वळून पाहत होते. सव्वातेरा फुटांची होडी आणि तिच्यावर आडवी बांधलेली ॲल्युमिनियमची डोलकाठी पुण्याच्या रस्त्यावर रोज दिसत नाही. गाडीत आम्ही तिघं. मी, बारावीची परीक्षा संपवून पहिल्यांदाच शिडाच्या बोटीत बसायला निघालेली माझी भाची, आणि सत्तरी ओलांडलेले काका. काका एनडीएचे, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे. शीड कसं ओढायचं हे ते खडकवासल्याच्या पाण्यावर, पीकॉक बेमध्ये शिकले आणि मी त्यांच्याकडून शिकले. माझी बोटही मूळची त्यांचीच.

वारज्यावरून सिंहगड रस्त्याला लागलो. खडकवासल्याच्या चौपाटीवर अजून भजीवाल्यांच्या गाड्या झाकलेल्या होत्या. पाणी इतकं स्थिर की सिंहगडावरचा टॉवर उलटा दिसत होता. भाची हिरमुसली. "मावशी, वाराच नाहीये!" काका म्हणाले, "अगं, उन्हाळ्यात सकाळी नसतोच. देशावरची जमीन तापू दे. दुपारी तीननंतर घाटावरून पश्चिमेचा येतो की नाही बघ." पुण्यात एप्रिल-मेच्या संध्याकाळी गच्चीवर जी झुळूक लागते ना, तोच वारा. समुद्राकडून घाट चढून तो पुण्याला संध्याकाळी पोचतो, घाटाजवळच्या पाण्यावर आधी येतो. म्हणून उन्हाळ्यात नवख्याला शिकवायचं तर सकाळ, आणि अनुभवी माणसाला मजा करायची तर दुपार, असा आमचा शिरस्ता आहे.

डोणज्याला चहाला थांबलो. ट्रेलरवाल्यांनी इथे एक काम करायचं. प्रत्येक चाकाच्या हबला हात लावून बघायचा. कोमट असेल तर ठीक, चटका बसला तर बेअरिंगमध्ये ग्रीस नाही किंवा ते फार आवळलंय. आणि पोचल्या पोचल्या ट्रेलर पाण्यात घालायचा नाही. तापलेलं हब गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. पुढच्या वेळी ते बेअरिंग गंजलेलं सापडतं, तेही नेमकं घाटात. अर्धा तास चाकं निवू द्यावीत. तेवढ्यात बोट जोडून होते.

पानशेतचं धरण आंबी नदीवर. १२ जुलै १९६१ ला ते फुटलं, त्या लोंढ्यात खडकवासलाही गेलं आणि पुण्यात हाहाकार झाला. काकांच्या आईचं शनिवार पेठेतलं घर त्यात गेलं. आज त्या जलाशयाला तानाजीसागर म्हणतात. भिंत ओलांडून पश्चिमेला गेलं की दोन्ही बाजूंना डोंगर आणि मधे लांबट, वळणावळणाचं पाणी. ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या बांधाशेजारून आम्ही बोट उतरवतो, त्याला विचारून आणि जलसंपदा खात्याची परवानगी खिशात ठेवून. हे पिण्याचं पाणी आहे. परवानगीशिवाय, लाइफ जॅकेटशिवाय आणि इंजिनाचं तेल सांडत इथे कुणी उतरू नये, असं मला मनापासून वाटतं.

बोट उतरवायच्या जागी पहिली नजर पाण्याकडे नाही, वर टाकायची. बांधावरून विजेच्या तारा जातात. डोलकाठी ॲल्युमिनियमची, आधाराचे दोर पोलादी. दोघं-तिघं मिळून ती उभी करताना सगळ्यांचं लक्ष बुडख्याकडे असतं, शेंड्याकडे कुणीच बघत नाही. काकांचा नियम असा की एक माणूस लांब उभा राहतो आणि तो फक्त वर बघतो. त्या दिवशी ते काम भाचीकडे होतं. तारा बऱ्याच दूर होत्या, तरी तिच्या "हो"शिवाय आम्ही काठी उचलली नाही. बोट ट्रेलरवरून उभ्या काठीने हलवायची असेल तर वाटेवरच्या ताराही आधी चालून बघाव्यात.

मग पिना. डोलकाठीला तीन बाजूंनी धरून ठेवणाऱ्या पोलादी दोरांच्या टोकाला पिन असते, आणि ती पिन सुटू नये म्हणून तिच्यात नखाएवढी गोल रिंग. तीन वर्षांपूर्वी डाव्या बाजूची ती रिंग जिबच्या, म्हणजे पुढच्या छोट्या शिडाच्या, दोरात अडकून कधी निघाली मला कळलंच नाही. वारा उजवीकडून होता तोवर त्या बाजूला ताण नव्हता. मी बोट वळवली, वारा डावीकडून आला आणि सगळी काठी शिडासकट माझ्या खांद्याला घासून पाण्यात गेली. चार इंच इकडे असते तर डोक्यावर पडली असती. तेव्हापासून माझ्या खिशात वायरमनकडे असते तसली काळी चिकटपट्टी असते. प्रत्येक रिंगवर दोन वेढे, आणि निघण्यापूर्वी तिन्ही ठिकाणी हाताचं बोट फिरवून बघायचं. भाचीला मी तीच पट्टी दिली. तिने दोनऐवजी पाच वेढे दिले. मी काढायला सांगितले नाहीत.

आमची बोट एंटरप्राइझ जातीची. जॅक होल्ट यांनी १९५६ मध्ये आखलेली, दोघांची, आणि परंपरेने निळ्या शिडाची. नवशिक्यांनी सुरुवातीला दोघांच्या बोटीत, जाणत्याबरोबर शिकावं असं माझं मत आहे. मुलं पंधराच्या आतली असतील तर ऑप्टिमिस्ट, ती आठ फुटांहूनही लहान असते. लेझर, जिला आता इल्का म्हणतात, ती एकट्याची आणि फार सुंदर, पण पहिल्याच महिन्यात विकत घेऊ नये. आणि जुनी बोट घेताना घाई तर मुळीच करू नये. काकांची बोट मिळण्याआधी मी एका विक्रेत्याकडून एक बोट घेतली होती. वरून रंग चकचकीत. पहिल्याच उन्हाळ्यात ती जड वाटायला लागली, आतला फोम पाणी पिऊन बसला होता. आता मी बोटांच्या पेरांनी सगळा तळ वाजवून बघते. घट्ट जागी टणक आवाज येतो, सडलेल्या किंवा सुटलेल्या जागी बद्द. डेकवर अनवाणी उभं राहावं, पावलाखाली लवचीक लागलं तर सोडून द्यावी. डोलकाठीच्या बुडाशी आणि सेंटरबोर्डच्या (तळातून पाण्यात उतरणाऱ्या फळीच्या) पेटीच्या सांध्यात केसासारख्या भेगा आहेत का, बॅटरीच्या उजेडात बघावं. आणि बोट उचलून बघावी, चार माणसं लावून. तिच्या जातीचं ठरलेलं वजन माहीत करून घ्यावं आणि जमल्यास काट्यावर घालावी.

साडेनऊच्या सुमारास पूर्वेची हलकी झुळूक आली. भाचीला मी थेट सुकाणू दिलं. पहिला धडा एकच, वारा कुठून येतोय ते सांग. झेंडा बघून नाही, गालाने, कानाने. नाक वाऱ्याकडे केलं की दोन्ही कानांत सारखा आवाज येतो. वाऱ्याच्या तोंडावर दोन्ही बाजूंना पंचेचाळीस अंशांपर्यंत बोट चालत नाही, शीड नुसतं फडफडतं. त्या दिशेला जायचं तर तिरकं जायचं, वळायचं, पुन्हा तिरकं. ती आधी सुकाणूचा दांडा उलट ढकलत होती, बोट गोल गोल फिरत होती. मग मी तिला म्हटलं, दांडा विसर, शिडाच्या पुढच्या कडेकडे बघ. ती कड थरथरली की दोर ओढ किंवा नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वाऱ्यापासून थोडी बाजूला घे. दहा मिनिटांनी शीड शांत झालं आणि बोटीच्या तळाखाली पाण्याचा बारीक खळखळ आवाज सुरू झाला. भाचीने माझ्याकडे बघितलं, काही बोलली नाही. मलाही बावीस वर्षांपूर्वी हाच आवाज पहिल्यांदा ऐकू आला होता.

पाणी कमी झालं होतं. अशा वेळी जुने बुंधे, बांध, खडक वर यायला लागतात आणि सेंटरबोर्ड तर आपल्याखाली हातभर उतरलेला असतो. काठाजवळ तो निम्मा वर घ्यावा. थर्माकोलचे तुकडे ओळीने तरंगताना दिसले तर ती मासेमारांची जाळी आहेत. त्यांच्या वरून जाऊ नये. ती त्यांची रोजी आहे आणि जाळं सुकाणूत अडकलं तर आपलीही फजिती.

जेवणानंतर बोट मुद्दाम उलटवली. हे काठाजवळ, लाइफ जॅकेट घालून, दुसरी बोट शेजारी असताना केलंच पाहिजे, निदान तीनदा. बोट उलटली की आधी दोघांनी एकमेकांना हाक मारायची. मग एकाने बोटीच्या आतल्या बाजूला पाण्यात पडून राहायचं आणि जिबचा दोर वरून पलीकडे टाकायचा. दुसऱ्याने पोहत बुडाकडे जाऊन सेंटरबोर्डवर चढायचं, तो दोर धरून मागे रेलायचं. दोन्ही शिडांचे दोर त्याआधी मोकळे सोडलेले हवेत, नाहीतर उभी झालेली बोट लगेच पळते किंवा पुन्हा उलटते. हळूहळू शीड पाण्यातून सुटतं, बोट उठते आणि आतल्या माणसाला अलगद पोटात घेऊन उभी राहते. मग बादलीने पाणी काढायचं. बादली बोटीला बांधलेली हवी, न बांधलेली बादली उलटल्यावर सापडत नाही.

एक गोष्ट मी तिला पुन्हा पुन्हा सांगितली आणि इथेही सांगते. बोट सोडून काठाकडे पोहायला लागायचं नाही. धरणाच्या पाण्यात काठ हाकेच्या अंतरावर वाटतो आणि तसा नसतो. चांगले पोहणारे याच भरवशावर गेले आहेत. उलटलेली बोटही तरंगते, आणि शोधणाऱ्याला माणसाच्या डोक्यापेक्षा बोट कितीतरी आधी दिसते. जॅकेट घेतानाही लक्ष द्यावं. ५० न्यूटनचं (न्यूटन म्हणजे तरंगवण्याच्या जोराचं माप) जॅकेट शुद्धीवर असलेल्या, पोहता येणाऱ्या माणसाला हालचाल करू देतं, पण बेशुद्ध माणसाला उताणं करत नाही. पोहता न येणाऱ्याला जास्त न्यूटनचं, कॉलरचं जॅकेट द्यावं.

साडेतीनला पश्चिमेकडचं पाणी गडद झालं. वारा अंगाला लागायच्या आधी असा पाण्यावर दिसतो. काळपट पट्टा आपल्याकडे सरकत येतो आणि तो पोचायच्या आत दोर किती सोडायचा हे ठरलेलं असावं. डोंगराच्या सोंडेमागून येणारा झोत तर दिशाही बदलून येतो. हा वारा आपल्याला धरणाच्या भिंतीकडे ढकलतो, म्हणून आधी वाऱ्याविरुद्ध चढत पश्चिमेला जायचं आणि दमल्यावर वाऱ्याबरोबर परत यायचं. उलटं केलं तर संध्याकाळी, थकलेल्या हातांनी, भिंतीपासून दूर चढत यावं लागतं. पाण्यावर ठिकठिकाणी पांढरा फेस फुटायला लागला तसं मी भाचीला काठावर पाठवलं आणि काका माझ्याबरोबर बसले. दोघं बाहेर रेलून जी काही बोट पळवली! काकांची टोपी उडाली, ती आम्ही शोधलीही नाही.

रात्री शेतकऱ्याच्या अंगणात गप्पा झाल्या. भाचीला वाटत होतं, समुद्र नसलेल्या गावातून या खेळात काय होणार. मी तिला नेहा ठाकूरचं सांगितलं. मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातली शेतकऱ्याची मुलगी, भोपाळच्या तलावावर शिकली आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सतराव्या वर्षी इल्का ४ मध्ये रौप्यपदक घेऊन आली. मग दिलीप दोंदे आले गप्पांत, २००९-१० मध्ये म्हादेई या शिडाच्या बोटीवरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. काका म्हणाले, मुंबईच्या पाण्यात जाशील तेव्हा भरती-ओहोटी शिकावी लागेल, आणि कोकणातला जुना हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा. भाचीने लगेच मोबाइलवर तक्ता काढून ताडून बघितलं. थोडाफार फरक होता, पण अंदाज बरोबर. पाण्यावर जाताना अर्थात छापील तक्ताच घ्यावा.

रविवारी आमच्या ओळखीच्या आणखी चार बोटी आल्या. आपापसातलीच शर्यत, पण नियम खरे, २०२५ ते २०२८ च्या पुस्तकातले. सुटायला पाच मिनिटं असताना पहिला इशारा, चार असताना दुसरा, एक असताना तिसरा, मग सुटायचं. नव्या मुलांना मी दोन नियम पाठ करून पाठवते. उजव्या बाजूने वारा घेणाऱ्याला डाव्या बाजूने वारा घेणाऱ्याने वाट द्यायची. दोघांचा वारा एकाच बाजूने असेल तर वाऱ्याच्या बाजूला असलेल्याने पलीकडच्याला वाट द्यायची. चूक झाली तर भांडत बसू नये, बाजूला जाऊन दोन गिरक्या घ्याव्या आणि पुढे जावं. आणि सुरुवातीच्या रेषेवर गर्दीत शिरण्यापेक्षा मोकळ्या वाऱ्यात पाच सेकंद उशिरा सुटलेलं बरं. शेजारच्या शिडामागे फाटका वारा मिळतो, त्यात बोट मरते.

दुसरी फेरी चालू असताना चारच्या आसपास तोरण्याच्या बाजूला ढग उभा राहिला, फुलकोबीसारखा, आणि त्याचा माथा पसरायला लागला. वारा एकदम पडला. आम्ही दुसऱ्या होतो, वळसा घालायच्या पुढच्या खुणेपासून शंभर मीटरवर. काकांनी काठावरून शिट्टी वाजवली, तीनदा. शर्यत रद्द. भाची म्हणाली, "मावशी, एवढी खूण घेऊ या ना!" मी शीड उतरवलं आणि वल्हं तिच्या हातात दिलं. वळिवाच्या आधी वारा असाच पडतो आणि मग ढगाखालून गार झोत कुठल्याही दिशेने येतो. शिवाय पाण्याच्या मधोमध सगळ्यांत उंच वस्तू आपलीच डोलकाठी असते. पाचही बोटी काठाला लागून काठ्या आडव्या झाल्या आणि सात-आठ मिनिटांत पहिली वीज समोरच्या डोंगरावर पडली. पाऊस कोसळला. आम्ही काठ्यांपासून आणि झाडांपासून लांब, गाड्यांत जाऊन बसलो. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास थांबलो, मगच आवराआवर.

ओली शिडं तशीच गुंडाळून आणावी लागली. रात्री नऊला घरी पोचल्यावर ती आधी उलगडली. ओलं शीड दोन दिवस बंद राहिलं की बुरशी धरतं, उन्हात पडून राहिलं की कापड मरतं. म्हणून घरात, पंख्याखाली. सोफा सरकवून बैठकीच्या खोलीत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत निळं कापड पसरलं. भाची खाली बसून फडक्याने त्यावरचा गाळ टिपत होती. मी आत चहा टाकायला गेले आणि खिसे रिकामे करताना चिकटपट्टी सापडेना. बाहेर येऊन विचारलं, तर ती तिने आपल्या सॅकमध्ये टाकली होती.

"तू दुसरी घे ना, मावशी," ती म्हणाली. "पुढच्या शनिवारी किती वाजता निघायचं?"