जन्माने चोर ठरवलेली टोळी

आमचा सात जणांचा गट ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’सारखा, प्रत्येकाने एक पात्र होऊन कथा पुढे नेण्याचा खेळ खेळायला दर शनिवारी रात्री डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर जमतो. तिघे बेळगावचे, एक निपाणीची, दोघे नोकरीनिमित्त पुण्यात असलेले आणि एक गोकाकचा, ज्याच्या घरात कन्नड बोलली जाते, पण जो मराठी आमच्याइतक्याच सहजतेने लिहितो. सह्याद्रीसारख्या एका काल्पनिक मुलखात आमची कथा चालते आणि मी डीएम, म्हणजे खेळाचा सूत्रधार, असल्यामुळे तिथले किल्ले, गावे, शत्रू आणि वाटेत भेटणारी सगळी माणसे मला लिहावी लागतात. गेल्या पावसाळ्यात मी जंगलात राहणारी एक टोळी लिहिली. त्या टोळीतला प्रत्येक जण जन्मतःच चोर होता, आणि त्यांच्या तोंडी मी कन्नड वळणाची, लिंगांची गल्लत करणारी मोडकी मराठी घातली होती. बाकीचे हसले. गोकाकच्या मित्राने त्या रात्री जेमतेम दोन ओळी लिहिल्या आणि पुढचे दोन शनिवार तो आलाच नाही.

त्याला काय लागले हे मला तरी ताबडतोब कळायला हवे होते. त्याआधी मी दुसऱ्या एका गटात खेळत असे. तिथे एका खेळाडूने आपल्या मूर्ख नोकराला ‘काय करायलास’, ‘येतो की’ अशी आमच्याकडची बोली दिली होती, आणि त्या नोकराने तोंड उघडले की हशा पिकत असे. माझी आई याच भाषेत मला जेवायला बोलावते. मी कुणाला काहीही न सांगता तो गट सोडला. सीमाभागात भाषा हा किती हळवा विषय आहे हे लहानपणापासून पाहिलेल्या माणसाने तीच गोष्ट उलट दिशेने करावी, याची मला आजही लाज वाटते.

ही सवय एकट्या माझी नाही. या खेळाच्या मुळातच ती आहे. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ 1974 मध्ये आला आणि 1977 च्या त्याच्या राक्षसकोशात प्रत्येक प्राण्यापुढे त्याचा स्वभाव छापलेला होता. ऑर्क हा काल्पनिक रानटी प्राणी म्हटला की तो दुष्टच, मग तो कुठे वाढला आणि त्याने काय पाहिले, हा प्रश्नच उरत नसे. पुढे 2020 मध्ये प्रकाशकांनी जाहीरपणे मान्य केले की ऑर्क आणि ड्राव या काल्पनिक जमातींचे चित्रण खऱ्या जगातल्या समाजांना ज्या रीतीने हिणवले गेले त्याच्याशी क्लेशदायक साम्य राखणारे आहे, आणि 2024 च्या नियमपुस्तकात ‘वंश’ या अर्थाचा जुना शब्दही बदलला. काही जुन्या खेळाडूंना हा अतिरेक वाटतो. मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण आपल्याच इतिहासात आहे.

इंग्रज सरकारने 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. 1911 च्या सुधारित कायद्याने तो सर्व प्रांतांना लागू करता येऊ लागला, आणि तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात होते. अमुक जमातीत जन्मलेले मूल गुन्हेगारच होणार, असे या कायद्याने गृहीत धरले; माणसांची नोंद झाली, हजेरी घेतली जाऊ लागली आणि कित्येक कुटुंबांना वसाहतींत डांबले गेले. 31 ऑगस्ट 1952 रोजी या जमाती विमुक्त झाल्या, तरी गावात चोरी झाली की पहिला संशय अजूनही पारध्यांच्या पालावरच जातो. मी लिहिलेली टोळी हाच कायदा खेळात पुन्हा लागू करत होती.

म्हणून खेळात चोर नकोत, खलनायक नकोत, असे माझे म्हणणे मुळीच नाही. बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथांवर कुणाला तरी अफझलखान व्हावेच लागते, आणि तो खान दमदार असेल तरच देखावा उभा राहतो. चोराला चोरीचे कारण हवे, त्याच्या शेजाऱ्याला चोरी नापसंत असण्याची मोकळीक हवी, आणि हसायचेच असेल तर ते त्या माणसाच्या एखाद्या करणीवर हसावे, त्याच्या उच्चारांवर नव्हे. अभिरुची म्हणजे एवढेच, पण हे लिहायला मेहनत लागते. ठरीव साचा दोन मिनिटांत तयार होतो, म्हणून दमलेला डीएम त्याच्याकडे वळतो.

मी मित्राला फोन करून माफी मागितली. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला की मोडक्या मराठीपेक्षा त्या टोळीला स्वतःची भाषाच नाही, याचे त्याला अधिक वाईट वाटले. त्यानंतर आम्ही जॉन स्टाव्ह्रोपोलोस यांनी सुचवलेले एक्स-कार्ड गटात आणले. कुणीही नुसते ‘एक्स’ टाइप केले की तो प्रसंग तिथेच सोडायचा आणि कारण विचारायचे नाही. ते आतापर्यंत दोनदा वापरले गेले आहे.

टोळी मात्र मी काढून टाकली नाही. ती मित्राच्या हाती सोपवली. नव्या कथेत ते लोक मध काढतात, आणि किल्लेदाराने मधावर बसवलेला कर चुकवतात म्हणून किल्ल्याच्या दप्तरात त्यांची नोंद ‘चोर’ अशी आहे. गेल्या शनिवारी आमचे वीर मशाली घेऊन त्यांच्या वस्तीवर पोहोचले, तेव्हा एक म्हातारी पुढे आली आणि तिने शांतपणे विचारले, “एल्लिंद बंद्री?” पुण्याच्या दोघांना अर्थ कळला नाही. निपाणीच्या मैत्रिणीने तो सांगितला, आणि कुठून आलात याचे खरे उत्तर द्यायचे की किल्लेदाराचे नाव लपवायचे, यावर आमची चर्चा पहाटे दीडपर्यंत चालली.