पडून राहण्याचे कष्ट

व्हिडिओ कॉलवर आईला तो पांढरा पिंप पहिल्यांदा दिसला तेव्हा तिने विचारलं, "एवढं लोणचं कोण खाणारे?" लोणचं नाही, बीअर आहे, असं मी सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बरं. पण मुरायला किती दिवस लागतात?"

बापाने जे विचारलं असतं ते तिने विचारलं नाही, आणि जे विचारलं ते अगदी नेमकं विचारलं. इथे चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरात जी बीअर सगळे पितात तिला 'लेझाक' म्हणतात. 'लेझेत' म्हणजे आडवं होणं, पडणं. लेझाक म्हणजे पडून राहणारा. आमच्याकडे हा शब्द घरातल्या एखाद्या मामासाठी वापरला असता, आणि तोही कौतुकाने नव्हे.

घरी बीअर करायची तर सोप्या वाटा आहेत. एल नावाचा प्रकार घराच्या उबेत आठ-दहा दिवसांत आंबून होतो, आणि त्यात फळं घाला, मसाले घाला, चूक झाली तर ती झाकली जाते. लेझाकमध्ये झाकायला काहीच नसतं. पाणी, सातू, हॉप्स (एका वेलीची कडवट, वासाची फुलं) आणि यीस्ट. वरणभातासारखं आहे हे. बिघडलं की लगेच कळतं.

शेजारच्या निवृत्त काकांनी (इथे काका म्हणत नाहीत, 'पाने' म्हणजे 'साहेब' म्हणतात, पण मनातल्या मनात ते काकाच) मला आधीच विचारलं होतं, "दहाची करणार की बाराची?" मला वाटलं, दारूचं प्रमाण विचारतायत. तसं नव्हे. आंबण्याआधीच्या गोड काढ्यात शंभर भागांना किती भाग साखर वगैरे विरघळलेली आहे, त्याचा हा आकडा. बाराची आंबल्यावर साधारण पाच टक्क्यांची होते. मी म्हटलं, बाराची. ते म्हणाले, "पहिलीच वेळ आहे ना? असो." आणि त्यांनी त्यांचं मोठं पातेलं आणून दिलं. कायद्याचीही अडचण नव्हती. सीमाशुल्क कार्यालयाला कळवलं की घरच्यापुरती वर्षाला २,००० लिटरपर्यंत बीअर करता येते. नुसती प्यायलाही परवाना लागणाऱ्या राज्यातून आलेल्या माणसाला हा आकडा पचायला वेळ लागतो.

माल्ट म्हणजे काय ते मला कुणी समजावून द्यावं लागलं नाही. आजी नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, भाजून सत्त्व करायची. इथे नाचणीच्या जागी मोराव्हियाचा सातू, एवढाच फरक. साडेचार किलो माल्ट भरडून कोमट पाण्यात कालवलं आणि तिथून खरी परीक्षा सुरू झाली.

जुन्या पद्धतीत पिंपाला खालून जाळ देत नाहीत. त्या लापशीतला जवळपास तिसरा हिस्सा, तोही घट्ट घट्ट, दुसऱ्या पातेल्यात काढायचा, हळूहळू तापवून उकळायचा आणि परत पिंपात ओतायचा. बावन्न अंशांवरचं मिश्रण चौसष्टच्या आसपास जातं. पुन्हा तिसरा हिस्सा काढा, उकळा, ओता, बहात्तर-त्र्याहत्तर. आपल्याकडे आंघोळीच्या कढत पाण्यात गार पाण्याचं विसण घालतात, तसं हे उलटं विसण. थर्मामीटर नव्हते तेव्हा हात घालून अदमास घेण्यापेक्षा हे खात्रीचं होतं. उकळी ही उकळीच असते आणि हिस्सा मापून घेता येतो, त्यामुळे दर वेळी तेवढीच ऊब मिळणार. पातळ पाणी मागे ठेवायचं कारणही तितकंच हुशारीचं आहे. पिठूळपणाची साखर करणारी द्रव्यं त्या पाण्यात असतात आणि उकळलं की ती मरतात.

पण हा घट्ट हिस्सा बासुंदीसारखा असतो. हात थांबला की खाली लागतो. सकाळी साडेआठला उभा राहिलो तो दुपारपर्यंत ढवळत होतो. आजच्या माल्टला एवढ्या सोपस्काराची गरज नाही, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मला विचाराल तर चवीत फरक पडतो, एक गोलाई येते. अर्थात अर्धा दिवस ढवळून झाल्यावर कुणालाही फरक जाणवेलच. मग गाळणं, मग दीड तास उकळणं (कमी उकळलं तर उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास राहतो), आणि त्यात इथल्या झातेत्स गावचे हॉप्स. त्या हॉप्सना कडूपणा बेताचा, वास मात्र गवताचा आणि मिऱ्यांचा मिळून असावा तसा. जिन्यात दरवळ गेला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी वर येऊन डोकावून पाहिलं.

एवढे कष्ट एका दिवसात संपतात. पुढचे कष्ट निराळे.

लेझाकचं यीस्ट गारठ्यात काम करतं, नऊ-दहा अंशांवर. ते एका संकरातून आलं आहे, आणि त्या संकराच्या दुसऱ्या पालकाचा पत्ता २०११ साली थेट पॅटागोनियाच्या जंगलात लागला. थंड प्रकृतीचं आणि संथ. मी जानेवारीचा फायदा घेऊन पिंप बाल्कनीत ठेवला. पहिल्याच आठवड्यात रात्री पारा उणे बारावर गेला आणि सकाळी पिंपात बर्फाचा गोळा होता. काकांनी झाकण उघडून पाहिलं, "हं," म्हणाले आणि घरी गेले. दुसऱ्या खेपेला जुना फ्रिज विकत घेऊन तळघरात ठेवला. दहाव्या दिवशी काकांनी वास घेतला. "लोणी." खरंच लोण्याचा वास होता. यीस्ट काम करताना तो सोडतं आणि जरा ऊब देऊन दोन दिवस गप्प बसलं की स्वतःच परत शोषून घेतं. आपण काही करायचं नाही, हे जमलं की झालं.

मग फ्रिज एक-दोन अंशांवर नेऊन सहा आठवडे ठेवायचं. मला ढवळणं जमलं, हे जमेना. रोज संध्याकाळी तळघरात जाऊन मी थेंबभर चाखायचो. अशाने वीस लिटरचे किती राहतील, हा हिशोब बायकोने मांडून दाखवला.

इथल्याच प्लझेन गावाची गोष्ट मला तेव्हा पटली. वारंवार बिघडणाऱ्या बीअरला वैतागून १८३८ साली लोकांनी ३६ पिंपं नगरभवनासमोर ओतून दिली, असं सांगतात. गावाने स्वतःचा कारखाना काढला, बव्हेरियातून योसेफ ग्रोल नावाचा माणूस आणला. त्याने ५ ऑक्टोबर १८४२ ला पहिला घाणा घातला. गावचं मऊ पाणी, झातेत्सचे हॉप्स, फिकट माल्ट. आणि ती सोनेरी बीअर लोकांच्या हाती पडली ११ नोव्हेंबरला. म्हणजे चार वर्षं वैतागलेलं गाव, समोर भरलेली पिंपं, तरी पाच आठवडे कुणी तोटी उघडली नाही. मला तळघराच्या पायऱ्या आठवून लाज वाटली.

सहा आठवडे भरले नाहीतच. पाचव्यात मी बाटल्या भरल्या, छत्तीस झाल्या. मित्र आले, ऑफिसातले आले, वाटल्या गेल्या. काकांनी पहिली प्यायली तेव्हा ते म्हणाले, "पिता येते." इथे ही बरी दाद आहे, पुण्याला साजेशी. नंतर महिन्याभराने त्यांनी शेवटच्या तिनातली एक उघडली. फेस प्रत्येक घोटागणिक पेल्याच्या काचेवर एकेक वळं सोडत खाली उतरत होता. ते बराच वेळ त्या वळ्यांकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "आत्ता झालीय."

उरलेल्या दोनांतली एक त्यांच्यासोबत गेली. दुसरी अजून तळघरातल्या फ्रिजमध्ये आहे, उभी ठेवलेली, पण पडून. आई दर रविवारी विचारते, मुरलं का रे.